किराण्याच्या पिशवीतून पर्यावरणाच्या लढ्याला साथ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातली आम्ही वीस-पंचवीस घरं गेली काही वर्षं दर महिन्याला थोडा किराणा एकत्र मागवतो. सिंधुदुर्गातून आमसुलं, आगळ (कोकमाचा रस) आणि काजू येतात, मावळातून तांदूळ, कोल्हापूरकडून गूळ. या मालावर जी थोडी रक्कम उरते ती एका पर्यावरण संस्थेच्या मोहिमांना जाते. ही संस्था झाडं लावण्याचे कार्यक्रम करत नाही. खाण, कारखाना, धरण असा प्रकल्प येऊ घातला की त्याची कागदपत्रं मिळवते, वाचते, गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगते, जनसुनावणीला हजर राहते आणि वेळ पडली तर हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणात, दाद मागते. संस्थेचं नाव इथे मुद्दाम देत नाही. तुमच्या जिल्ह्यात तुमच्या जवळची संस्था वेगळी असेल, आणि तिच्यापाशीच तुम्ही जावं असं मला वाटतं.

वाटपाच्या रविवारी पिशव्या भरता भरता लोक बरेच प्रश्न विचारतात. घाईत दिलेली उत्तरं अर्धवट राहतात, म्हणून ती इथे नीट लिहिली आहेत.

आमसुलं विकत घेतल्याने लढ्याला मदत होते म्हणजे नेमकं काय होतं?

माल देणारे कुटुंब किंवा बचत गट आपला भाव सांगतात. आम्ही त्यात घासाघीस करत नाही. त्यावर गाडीभाडं आणि बांधणीचा खर्च चढतो, आणि शेवटी प्रत्येक जिनसामागे ठरलेली छोटी रक्कम. समजा अर्धा किलो आमसुलांमागे वीस रुपये. महिन्याच्या यादीत हा आकडा वेगळ्या रकान्यात छापलेला असतो, त्यामुळे घेणाऱ्याला आपल्या पैशातलं शेतकऱ्याला किती, वाहतुकीला किती आणि मोहिमेला किती हे पिशवी उचलण्याआधीच दिसतं. महिनाअखेरीस बेरीज होते, पैसे बँकेतून संस्थेच्या खात्यात जातात आणि पावती आमच्या गटावर पडते.

वीस-वीस रुपयांनी काय होणार? समोर तर मोठमोठ्या कंपन्या असतात.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि याचं उत्तर द्यायला मला मनापासून आवडतं.

माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात. उत्तरादाखल मिळणाऱ्या कागदांना पानामागे २ रुपये. राष्ट्रीय हरित लवादाकडे नुकसानभरपाई न मागता अर्ज करायचा असेल तर त्याचं शुल्क १,००० रुपये आहे. लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच बसतं, महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्याची प्रकरणं तिथेच चालतात. म्हणजे दार उघडायला लागणारे पैसे खरोखरच किराण्याच्या मापातले आहेत.

खर्च होतो तो दारापर्यंत पोहोचण्यात. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत द्यावी लागते. एक छोटी चौकट येते, बारीक अक्षरांत. त्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं. मूळ अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत. त्याचा सारांश स्थानिक भाषेत मिळायला हवा असा नियम आहे, पण हातात पडणारा सारांश वाचून गावातल्या माणसाला आपल्या विहिरीचं काय होणार हे बहुधा कळत नाही. मग कोणीतरी मूळ अहवाल वाचायचा, नकाशे गावाच्या खुणांशी ताडून बघायचे, सोप्या मराठीत चार पानं लिहायची, झेरॉक्स काढायच्या आणि वाडीवाडीवर पोहोचवायच्या. सुनावणीनंतर मंजुरी मिळालीच तर त्याविरुद्ध लवादात अपील करायलाही मुदत ३० दिवसांचीच असते. उशीर का झाला याचं कारण पटलं तर आणखी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. एवढ्या वेळात अनुदानाचा प्रस्ताव लिहून मंजूर करून घेणं कुणालाच शक्य नाही. पैसे आधीपासून खात्यात पडलेले असावे लागतात.

कोकणातल्या एका सुनावणीला मी स्वतः गेले होते. शाळेच्या पटांगणात मंडप, पुढे अधिकाऱ्यांचं टेबल, मागे पंखे. आमच्या गटाच्या पैशांतून निघालेल्या झेरॉक्स लोकांच्या हातात होत्या, घडी पडलेल्या, काहींवर पेनाने रेघा मारलेल्या. एक आजी उठल्या. कागद त्यांनी उलटा धरला होता, वाचता येत नव्हतं, पण नातीने आदल्या रात्री वाचून दाखवलेलं पाठ होतं. माईक तोंडापासून लांब धरून त्या म्हणाल्या, "आमचो व्हाळ बारा म्हयने व्हावता, तो ह्या कागदात खय असा?" अहवालात त्या जागी बारमाही पाणी नाही असं लिहिलेलं होतं. त्यांचा प्रश्न इतिवृत्तात नोंदवला गेला, कारण सुनावणीत मांडलेलं म्हणणं नोंदवणं आणि शेवटी ते लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तो कागद सोबत राहतो. त्या दिवशीच्या झेरॉक्सचा खर्च आमच्या एका महिन्याच्या आमसुलांतून भागला होता.

मग थेट देणगीच का देऊ नये?

जमत असेल तर जरूर द्या. शंभर रुपयांची देणगी दिली की शंभरच्या शंभर पोहोचतात, खरेदीतून त्यातला छोटा वाटाच पोहोचतो. निव्वळ पैशाचा हिशेब मांडला तर देणगीच सरस ठरते आणि हे आम्ही कधी लपवत नाही.

तरीही आम्ही खरेदीचा मार्ग धरला, कारण देणगी बहुतेकांकडून वर्षातून एकदा जाते आणि आमसुलं दर महिन्याला संपतात. ज्या संस्थेला दर महिन्याला काहीतरी येणार याची खात्री असते तिला कार्यकर्त्याचं मानधन ठरवता येतं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्या डोंगरावर खाण येऊ घातली आहे त्याच डोंगराखालच्या परसातले काजू तुम्ही खाता, तेव्हा त्या गावाचं नाव वर्तमानपत्रात दिसलं की तुमची नजर तिथे थांबते. आमच्या गटातल्या तीन-चार घरांनी आजवर हरकतीची पत्रं लिहिली आहेत. त्यांची सुरुवात काजूपासूनच झाली.

ऑनलाइन खरेदी करताना आपोआप मदत जाते अशा योजना असतात. त्यांत सामील व्हावं का?

व्हा, पण त्यांच्यावर विसंबू नका. ॲमेझॉनची 'स्माईल' नावाची योजना २०१३ मध्ये सुरू झाली. पात्र खरेदीच्या अर्धा टक्का रक्कम ग्राहकाने निवडलेल्या संस्थेला जायची. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीने ती बंद केली. कारण असं दिलं की मदत दहा लाखांहून अधिक संस्थांमध्ये विखुरली जात असल्यामुळे तिचा परिणाम दिसत नाही. योजना एका कंपनीच्या मर्जीने सुरू होते आणि तिच्याच मर्जीने थांबते. शिवाय अर्धा टक्का म्हणजे हजार रुपयांच्या खरेदीमागे पाच रुपये. त्यासाठी नको असलेली वस्तू मागवली, तर ती आणायला जळलेलं पेट्रोल आणि तिच्याभोवतीचं वेष्टन यांची भरपाई त्या पाच रुपयांत होणार नाही.

पाकिटावर "या खरेदीतून एक रोप लावलं जाईल" असं असतं. ते घेतलं तर चालेल?

वस्तू तुम्हाला हवीच असेल तर घ्या. त्या एका ओळीसाठी घेऊ नका. आणि कंपनीला विचारा: प्रत्येक नगामागे नेमके किती रुपये? कोणत्या संस्थेला? विक्री कितीही झाली तरी रक्कम ठरलेलीच आहे का? लावलेलं रोप तीन वर्षांनी कोण बघणार? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर पाकिटावर किंवा संकेतस्थळावर नसेल तर ती ओळ जाहिरात समजावी.

आकडा कशाचा आहे हेही बघायला हवं. 'वन परसेंट फॉर द प्लॅनेट' ही चळवळ २००२ मध्ये क्रेग मॅथ्यूज आणि पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीचे इवॉन शुईनार्ड यांनी सुरू केली. तिच्यात सामील होणारी कंपनी वर्षाच्या विक्रीच्या एक टक्का देते. विक्रीच्या, नफ्याच्या नव्हे. नफा कागदावर शून्यही दाखवता येतो, विक्री लपवणं अवघड. "नफ्यातला काही भाग" असं वाचलं की मी पाकीट परत फळीवर ठेवते.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाविषयीच्या फसव्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. 'इको-फ्रेंडली', 'नैसर्गिक', 'ग्रीन' असे मोघम शब्द वापरायचे तर त्याला पुरावा असला पाहिजे आणि तो ग्राहकाला बघता आला पाहिजे. दावा खोटा वाटला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार करता येते. ही तक्रार करायला दहा मिनिटं लागतात आणि तीसुद्धा पर्यावरणाचीच कामगिरी आहे.

आणखी एक बाब सहसा ध्यानात येत नाही. कंपनी कायद्यातल्या सामाजिक दायित्वाचा निधी, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा तो पैसा, रोपं लावायला, तळी उपसायला सहज मिळतो. खाणीच्या मंजुरीला आव्हान द्यायला तो कोणती कंपनी देईल? म्हणूनच ग्रीनपीससारखी आंतरराष्ट्रीय पर्यावरण संघटना कंपन्यांकडून आणि सरकारांकडून पैसे घेतच नाही. मोहीम चालवणाऱ्या संस्थेची ताकद साध्या माणसांच्या छोट्या रकमांवरच उभी असते.

कोणत्या खुणा बघून वस्तू घ्यावी?

सगळ्यांत आधी एक गैरसमज दूर करते. पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे पदार्थ शाकाहारी आहे एवढंच. पर्यावरणाशी त्याचा संबंध नाही. प्लास्टिकच्या बाटलीखालचा बाणांचा त्रिकोण आणि त्यातला आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो. ती बाटली पुन्हा वापरात येईलच असं तो सांगत नाही.

सेंद्रिय धान्याला 'जैविक भारत'ची खूण बघा. 'पीजीएस इंडिया' या पद्धतीत शेतकऱ्यांचे गट एकमेकांच्या शेताची तपासणी करतात. तिच्यात 'पीजीएस ग्रीन' म्हणजे शेत अजून सेंद्रियाकडे वळण्याच्या वाटेवर आहे आणि 'पीजीएस ऑरगॅनिक' म्हणजे तो टप्पा पूर्ण झाला. मी वाटेवरच्या शेतकऱ्याचा माल आवर्जून घेते, कारण त्याची ती वर्षं सगळ्यांत कठीण असतात. उत्पन्न घटलेलं असतं आणि भाव अजून वाढलेला नसतो. केंद्र सरकारची 'इकोमार्क' नावाचीही खूण १९९१ पासून आहे, तिच्यावर मातीचा माठ आहे. इतकं सुंदर चिन्ह दुकानात फारसं दिसत नाही याचं वाईट वाटतं. २०२४ मध्ये तिचे नियम नव्याने आले आहेत.

पिशवीवर 'कंपोस्टेबल' लिहिलं असेल तरी ती कुंडीत पुरून विरघळेल असं समजू नका. बहुतेक अशा पिशव्यांना मोठ्या खतप्रकल्पातली उष्णता लागते.

वाण्याकडे हाच गूळ स्वस्त आणि पिवळाधमक मिळतो. तुमचा काळपट आणि महाग का?

पिवळेपणामुळेच. उसाचा रस उकळताना मळी वर येते, ती काढायला आमचा गुळवाला भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरतो. पिवळा, फिकट रंग हवा असेल तर अनेक गुऱ्हाळांवर हायड्रोस पावडर टाकतात. ती टाकली नाही की गूळ तांबूस-काळपट होतो, जरा मऊ राहतो आणि पावसाळ्यात पाघळतो. म्हणून जूननंतर तो काचेच्या बरणीत ठेवा. पुरणपोळीचा रंग थोडा गडद येईल, चव मात्र खोलवर लागते.

आमसुलांचंही तसंच. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, साधारण एप्रिल-मेमध्ये पिकतात. फळ फोडून बिया आणि गर वेगळा करायचा, सालं उन्हात घालायची, वाळत आली की त्याच फळाच्या रसात पुन्हा भिजवायची, पुन्हा उन्हात. अशी पुटं चढत जातात तसा लाल रंग काळा होत जातो. हे सगळं पाऊस पडायच्या आत व्हावं लागतं. वळीव लवकर आला की अंगणभर पसरलेली सालं गोळा करायला घरातली लहान मुलंसुद्धा धावतात. हातात घेतल्यावर चांगलं आमसूल किंचित ओलसर, चिवट लागतं आणि बोटांना जांभळा डाग पडतो. कडकडीत कोरडी, मिठाने पांढरी पडलेली आमसुलं स्वस्त असतात, कारण वजनात मीठ असतं.

बियांचं कोकमतेलही आम्ही आणतो. थंडीत टाचांच्या भेगांना लावून बघा, दुसरं मलम लागणार नाही.

आमचं बजेट तेवढं नाही. सगळा किराणा असा घेणं परवडत नाही.

सगळा घेऊच नका. जे महिन्यात थोडंच लागतं आणि ज्याचा दर्जा लगेच कळतो असं एक काहीतरी निवडा. आमसुलं किंवा गूळ. आमच्या गटातली कितीतरी घरं फक्त आमसुलं घेतात.

काहीच न घेणं ही मदत होऊ शकते का?

हो, आणि ती सगळ्यांत पहिली मदत आहे. नव्या कापडी पिशवीच्या आधी आईची जुनी सुती साडी फाडून पिशव्या शिवा. स्टीलचा नवा डबा घेण्याआधी घरातला वापरा. पर्यावरणासाठी म्हणून विकली जाणारी कितीतरी सुंदर उत्पादनं मुळात लागतच नाहीत.

महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्यांवर मार्च २०१८ मध्ये बंदी आली, जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आहे. भाजीवाल्या मावशी तरीही पातळ पिशवी काढतात, कारण गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येतं. दोष त्यांना देऊ नये. आपण पिशवी घेऊन गेलो की त्यांचे पैसे वाचतात, त्या तसं बोलूनही दाखवतात.

आणि जे टाकायचं ते नीट वेगळं करून टाका. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक दारोदार कचरा घेतात. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या, असं त्या अनेक वर्षं सांगत आल्या आहेत. त्यांचे हात जपायला या एका ठिपक्याचा उपयोग होतो.

गणपतीची मूर्ती शाडूची आणली म्हणजे झालं ना?

प्लास्टर ऑफ पॅरिसपेक्षा केव्हाही बरं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सुधारित सूचनाही मातीच्या, नैसर्गिक रंगांच्या मूर्तीच्या बाजूने आहेत. पण शाडू आपल्या अंगणात तयार होत नाही. ती मोठ्या प्रमाणावर गुजरातेतून येते, जमीन खणूनच काढली जाते. म्हणून घरी बादलीत विसर्जन करा, पाणी झाडांना घाला आणि खाली बसलेली माती मूर्तिकाराला परत द्या. पुण्यात 'इकोएक्झिस्ट'ने सुरू केलेल्या 'पुनरावर्तन' मोहिमेत अशी माती गोळा करून पुन्हा मूर्तिकारांना दिली जाते. आमच्या सोसायटीत विसर्जनानंतर गेटपाशी एक पिंप ठेवतो. त्याचा लगदा सुकवून पुढच्या वर्षी मुलांच्या मूर्ती होतात. गेल्या वर्षीचाच बाप्पा परत आला म्हणून मुलं खूष असतात.

प्रकल्पांना विरोध म्हणजे लोकांच्या रोजगाराला विरोध नाही का?

हा प्रश्न सोपा नाही आणि तो टाळून चालणार नाही. गोवा फाउंडेशन ही म्हापशाची संस्था १९८६ पासून काम करते. तिच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये गोव्यातलं लोहखनिजाचं उत्खनन थांबवलं. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. मूळ पट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपली होती, म्हणजे इतकी वर्षं खनिज नियमाबाहेर निघत होतं. न्यायालयाचा निर्णय योग्य होता असं माझं ठाम मत आहे. तरीही कर्ज काढून ट्रक घेतलेल्या माणसाच्या घरात त्या महिन्यांत काय झालं असेल हेही विसरता येत नाही. डिचोली-सांगेच्या पट्ट्यात गाळाने भरलेली शेतं ज्यांनी पाहिली आहेत ते शेतकरीही त्याच गोव्याचे.

म्हणूनच आमचा भर खरेदीवर आहे. जंगल आणि डोंगर उभे ठेवूनही घर चालतं, हे कोणाच्या तरी घराच्या हिशेबात दिसावं लागतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने ते करून दाखवलं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबू वाहतुकीच्या परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पूर्वी कागद कारखान्याला जाणारा बांबू गावाने स्वतः विकला आणि किती तोडायचा हेही ग्रामसभेत बसून ठरवलं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांचं या कामातलं योगदान महाराष्ट्राने कायम लक्षात ठेवावं असं आहे.

आमचे काजू सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातून येतात. २००२ पासून या भागात कर्नाटकातून हत्ती उतरतात, बागायतीचं नुकसानही करतात. आम्हाला माल देणारे दादा एका हंगामात माड मोडल्याचं सांगत होते, आवाजात राग होता. दोन वाक्यांनंतर तेच म्हणाले की डोंगर गेला तर हत्तीही नाही आणि आम्हीही नाही. त्या वर्षी आम्ही त्यांच्याकडून ठरल्यापेक्षा जास्त माल उचलला.

पैसे योग्य ठिकाणी जातात हे कसं तपासायचं?

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासाची नोंद १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे असते. नोंदणी क्रमांक विचारा. मागच्या दोन वर्षांचा लेखापरीक्षण झालेला हिशेब मागा. चांगली संस्था तो आनंदाने देते.

एका संस्थेबरोबर आम्ही सुरुवातीला जोडलेलो होतो. काम चांगलं असावं, पण हिशेब मागितला की "पाठवतो, पाठवतो" एवढंच. आठ महिने वाट बघितली आणि थांबलो. कुणावर आरोप केला नाही, फक्त घराघरांत जाऊन सांगितलं की आपले पैसे कुठे गेले हे आम्हाला दाखवता येत नाही. ते सांगताना फार अवघडल्यासारखं झालं. तेव्हापासून आधी हिशेब, मग पैसे हा नियम आहे.

खरेदीवर आयकरात सवलत मिळते का?

नाही. तुम्ही वस्तू घेतली, ती देणगी झाली नाही. 'ऐंशी जी' म्हणून ओळखली जाणारी सवलत थेट देणगीवर असते, तीही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती लागू होत नाही. म्हणून मोठी रक्कम असेल तर बँकेतून संस्थेलाच द्या आणि प्रमाणपत्र घ्या.

आम्ही परदेशात राहतो. कशी मदत करू?

तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी मानली जात नाही. नागरिकत्व बदललेलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी ठरते. ती घ्यायला संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. आधी संस्थेला विचारल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. चुकून आलेली रक्कम संस्थेला फार महागात पडू शकते.

त्यापेक्षा सोपा उपाय आमच्याकडे एका ताईंनी काढला. त्या न्यू जर्सीत असतात, आईवडील पुण्यात. आईवडिलांचा महिन्याचा किराणा त्या आमच्याकडे नोंदवतात आणि पैसे आई देते. सुट्टीत आल्या की रविवारी वाटपाला स्वतः उभ्या राहतात.

आम्हालाही असा गट सुरू करायचा आहे. कुठून सुरुवात करू?

दहा घरं पुरतात. पहिल्या महिन्यात आमसुलं, गूळ आणि तांदूळ एवढंच मागवा. हे लवकर खराब होत नाही. पालेभाजी, फळं यांच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका. खाद्यपदार्थांच्या विक्रीसाठी अन्नसुरक्षेची छोट्या व्यवसायाची नोंदणी करून घ्या. पैशांचं खातं दोघांच्या सहीचं ठेवा. माल देणाऱ्याला निम्मे पैसे आगाऊ द्या, कारण त्याची मजुरी आधीच झालेली असते.

वजनकाटा चांगला घ्या. आमचा पहिला काटा वीस-तीस ग्रॅम कमी दाखवायचा आणि ते दोन महिने आमच्या लक्षातच आलं नाही, लोकांना जास्त माल जात राहिला. काटा तपासायला घरात एक किलोचं बंद मिठाचं पाकीट ठेवा.

जून ते सप्टेंबर तांदळाला कीड लागते. कडुनिंबाची वाळलेली पानं पुरचुंडीत बांधून डब्यात टाका आणि साठा कमी मागवा. यादी महिन्याच्या पाच तारखेपर्यंत पाठवा, पैसे दहापर्यंत घ्या, वाटप तिसऱ्या रविवारी. येताना डबे आणि पिशव्या घरूनच आणायला सांगा.